सीझन संपला की

मार्लो लँडिंग, बुधवार दुपार

प्रिय व्हर्नन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते आधी फ्रिजवर ठेवून दिलं असशील आणि तुझ्या नॅन्सीने दोनदा विचारल्यावर फोडलं असशील. चालेल. फोडलंस हेच पुष्कळ झालं. रविवारी मी फोन केला, 'डॅड' एवढा एकच शब्द उच्चारला, आणि तुझ्या शेगडीवर काहीतरी उतू गेलं म्हणून तू फोन ठेवलास. तुमच्या ओमाहात दूध फारच उतू जातं बाबा. म्हणून आता लिहायला बसले आहे. डॅड आतल्या खोलीत पडलेत, दार लोटलेलं आहे, आणि पोस्टातून मी आजची दुपारची सुट्टी मागून घेतली आहे. एक्सप्रेसच्या पिशवीत पाकीट मी स्वतःच्या हाताने टाकणार, म्हणजे उद्या दुपारच्या आत तुझ्या दारात पडेल. एवढं तरी त्या नोकरीचं सुख आहे. एकच मागणं आहे, शेवटपर्यंत वाच.

आधी सोपी बातमी. आपल्या गावचे बार्जमेन बेसबॉलच्या अंतिम फेरीत आहेत. हसू नकोस, खरंच आहेत. आपण शाळेत होतो तेव्हापासून ज्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, लेबर डेच्या पुढे एक मॅच खेळली नाही, ज्यांचा सीझन संपला की गावातले लोक "चला, सुटलो" म्हणायचे, ते आपले बार्जमेन. पाच मॅचच्या मालिकेत कॅल्डर सिटीशी दोन-दोन अशी बरोबरी आहे, आणि पाचवी व्हायची आहे. बेकरीवाल्याने खिडकीत केकचा बॅट-बॉल करून ठेवलाय, त्याच्यावर माश्या बसतात पण कुणी काही बोलत नाही. तुझ्या तिकडच्या पेपरात यातली एक ओळही आली नसेल. इथे दुसरा विषय नाही.

आता अवघड बातमी. जूनमध्ये एका सकाळी डॅड कॉफी पिता पिता मला म्हणाले, "लिओना, मला पोटात दुसरं हृदय फुटलंय." उताणं झोपलं की पोटात ठकठक होतं, हात ठेवला की हाताला लागतं. मी हात ठेवला. व्हर्नन, खरंच लागत होतं. त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टर लिंडक्विस्टकडे घेऊन गेले. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तशी, असं डॉक्टरनेच सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही, माणूस हिंडतो फिरतो, आणि एखाद्या दिवशी ती फुटते. फुटली की इस्पितळ गाठायला वेळ मिळत नाही. ऑपरेशन करून तेवढा तुकडा बदलता येतो. मोठं ऑपरेशन आहे, या वयात धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. डॅडनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करू की. सीझन संपला की करू."

आणि आता जे झालं ते फक्त या गावातच होऊ शकतं. लिंडक्विस्ट चिडला नाही. त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर बार्जमेनचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. दरवर्षी नवं लावतो, त्याच्या बापानेही लावलं होतं. त्याने मागे वळून बोट फिरवलं आणि म्हणाला, "लेबर डेला आपली शेवटची मॅच. म्हणजे त्याच आठवड्यात गुरुवारी ऑपरेशनचं टेबल सांगून ठेवतो. उन्हाळाभर थांबायला हरकत नाही, फक्त ओझी उचलायची नाहीत, आरडाओरडा नाही, एकदम फार राग नाही, फार आनंद नाही." डॅड म्हणाले, "बार्जमेनवाल्याला आनंदाचं पथ्य कसलं सांगतोस?" दोघं इतके हसले की नर्स डोकावून गेली. मीही हसले. वेळापत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं, संघ पात्र ठरल्यास पुढचे सामने अमुक तारखेपासून. ती ओळ तिथे दरवर्षी असते. ती वाचायची असते हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

जुलै फार चांगला गेला. आपण सगळीकडे हरत होतो. मी रोज त्यांच्याबरोबर मैदानावर जायची, मॅच बाहेरगावी असली की स्वयंपाकघरात रेडिओ लावायची, आणि प्रत्येक हार मला औषधाच्या डोसासारखी वाटायची. डॅड कुरकुरायचे, "हा पोरगा बॉल टाकतोय की कोंबड्यांना दाणे?" पण कुरकुर त्यांना सोसते, आयुष्यभर तीच केली. मग महिनाअखेर ओक्लाहोमाहून डूली नावाचा एक लांबुडका पिचर आला. कान बाहेर आलेले, टोपी त्या कानांवरच अडकलेली. पहिल्या मॅचला त्याने समोरच्यांना दोन रन दिल्या, दुसऱ्या मॅचला एक. त्याचं बघून बाकीच्यांनाही कंठ फुटला. सलग तीन जिंकलो. चौथ्या दिवशी डॅड जिन्याखाली उभं राहून मला म्हणाले, "तो पिवळा स्वेटर घाल." ऑगस्ट महिना, व्हर्नन. झाडाची पानं हलत नव्हती. मी म्हटलं, "डॅड, मी शिजून मरेन." तर म्हणतात, "पहिल्या दिवशी घातला होतास ना? मग आता उतरवायचा नाही."

ते सगळं तुला सांगायला नको. जिंकायला लागलो की काही बदलायचं नाही. नदीकडच्या रस्त्यानेच जायचं, रेल्वेचं फाटक बंद मिळालं तरी थांबायचं. गेटवर तिकिटं बघणाऱ्या ऑर्व्हिलशी हवापाण्याचंच बोलायचं. पहिल्या इनिंगला हॉटडॉग, पाचव्या इनिंगला बेकरीतला गोड पाव, जर्दाळूचं कोलाचे, खसखशीचं नाही. मागच्या रांगेतल्या मिसेस टटलने ती जांभळी टोपीच घालायची. बिचारीच्या सुनेने नवी आणून दिली होती, ती पिशवीतच राहिली. आणि 'आपण जिंकणार' हे कुणी तोंडाने म्हणायचं नाही. या सगळ्यात मीही होते. ओरडत होते, टाळ्या पिटत होते. घरी येऊन अंथरुणावर पडले की मात्र मनात हिशोब चालायचा, अजून किती हरलो तर पात्र ठरणार नाही. दिवसभर जिंकावं म्हणून जीव टांगणीला आणि रात्री हरावं म्हणून. असा माणूस तू बघितला आहेस का कधी? मी रोज आरशात बघत होते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली मॅच सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. डूली टाकत होता आणि सहावी इनिंग संपेपर्यंत समोरच्या एकालाही त्याचा बॉल नीट मारून बेस गाठता आला नव्हता. फळ्यावर त्यांच्या नावापुढे हिट्सच्या खाली भोपळा. तुला ठाऊक आहे अशा वेळी काय होतं. त्या भोपळ्याचं नाव काढायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही. पिचरशी त्याचे सोबतीही बोलत नाहीत, त्याला बाकावर एकटा सोडतात, वाळीत टाकल्यासारखा. सातव्या इनिंगला अख्खा स्टँड चर्चमध्ये बसल्यासारखा बसला. शेंगावाला पोऱ्यासुद्धा नुसता हाताने खुणा करत होता. आणि त्या शांततेत मी बघितलं, डॅडचा डावा हात जॅकेटच्या आत गेलाय. पोटावर. चेहरा पांढरा, वरच्या ओठावर घाम. डोळे मात्र डूलीवर.

मी काय करायचं होतं? बोलायचं नाही हा नियम मी दुधाच्या दातांपासून पाळत आले. एक फलंदाज गेला, दुसरा आला, तो हात तसाच. शेवटी मला धीर धरवला नाही. मी विचारलं, "दुखतंय का?" हळूच विचारलं, पण तेवढ्या शांततेत ते तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं. माना वळल्या. आणि त्याच बॉलला, व्हर्नन, शप्पथ सांगते, त्याच बॉलला त्या फलंदाजाने आपल्या दोन खेळाडूंच्या मधून मोकळ्या मैदानात फटका मारला. भोपळा गेला. मागून मिसेस टटल म्हणाल्या, "लिओना, घरी बोलायला वेळ मिळत नाही का ग तुला?" मॅच आपण जिंकलो, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आम्ही गाडीने घरी निघालो. फाटकापाशी मालगाडी जात होती, तिचे डबे संपत नव्हते, तेव्हा डॅड समोर बघत म्हणाले, "दुखत नव्हतं. नुसता हात ठेवला होता. ते उडतंय की नाही ते बघत होतो." मी स्टिअरिंग धरून रडले. मालगाडीच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल.

महिनाअखेर लिंडक्विस्टने पुन्हा मोजलं. फुगा वाढला होता. थोडा, पण वाढला होता. या वेळी तो हसला नाही आणि वेळापत्रकाकडेही त्याने बघितलं नाही. म्हणाला, "एमिल, गुरुवार पक्का. मॅच असो नसो." डॅड "हो हो" म्हणाले. त्यांचं "हो हो" म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

लेबर डेला अशी वेळ आली की जिंकलो तर पात्र, हरलो तर घरी. सगळं गाव मैदानावर लोटलं होतं, कुंपणाला माणसं लटकली होती. नवव्या इनिंगला आपण एका रनने पुढे, त्यांचे दोघे बाद, दोघे बेसवर, आणि त्यांचा तो जाड्या फलंदाज समोर. त्याने एक नीट मारला की खेळ खलास, गुरुवारी ऑपरेशन, माझे डॅड सुटले. मी मुठी आवळून बसले होते. आणि माझ्या कानांनी मी माझाच आवाज ऐकला. "मार. मार ना रे जाड्या. मार की एकदाचा." तो चुकला. तीनदा चुकला आणि बाद झाला. लोक बाकांवर चढले, कुणीतरी माझ्या पाठीवर बिअर सांडली, आणि मिसेस टटल खाली वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "तू कुणाच्या बाजूची आहेस ग?" त्या बाई काय समजल्या देव जाणे, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

डॅडनीही ऐकलं होतं. गाडीत म्हणाले, "तू त्या जाड्यासाठी ओरडत होतीस."

"ओरडत नव्हते, पुटपुटत होते."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

डॅड म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी मनातल्या मनात कर." घरी आल्यावर जॅकेटही न काढता त्यांनी डॉक्टरला फोन लावला आणि गुरुवार रद्द केला. त्या रात्री मी त्यांच्यावर जन्मात ओरडले नव्हते तेवढी ओरडले. म्हटलं, मॅच मोठी की जीव मोठा? ते बूट काढत होते. म्हणाले, "असले प्रश्न विचारतात का कुणी?" आणि झोपायला गेले. मला त्या क्षणी तुझी फार आठवण आली. तू असतास तर त्यांना उचलून गाडीत घातलं असतंस असं वाटलं. मग वाटलं, नाही, तू असतास तर दार आपटून गेला असतास. सहा वर्षांपूर्वी गेलास तसा.

पुढचं भराभर सांगते, कारण ते दिवस मला नीट आठवतही नाहीत. उपांत्य फेरीच्या तीन मॅच, त्यातली शेवटची तेराव्या इनिंगपर्यंत लांबली. डॅडनी तिथे आरडाओरडा केला नाही, डॉक्टरला दिलेला तेवढा शब्द पाळला. नुसते टोपी काढायचे, घालायचे, काढायचे. मग कॅल्डर सिटीत दोन मॅच, त्या आम्ही स्वयंपाकघरात ऐकल्या. मी मधूनच आवाज कमी करायची, ते वाढवायचे, आणि त्यांचा तो हात सारखा पोटावर. एक हरलो, एक जिंकलो. इकडे आलो, एक जिंकलो, रविवारी एक हरलो. रविवारी जिंकलो असतो तर तिथेच संपलं असतं. मला आता हार नको, जीतही नको, नुसता शेवट हवा होता, आणि शेवट काही येत नव्हता. म्हणूनच तुला फोन केला होता. नुसता आवाज ऐकायला.

सोमवारी लिंडक्विस्टने त्यांना पुन्हा मोजलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तो आपल्याबरोबर शाळेत होता, पण इतक्या वर्षांत त्याने मला कधी 'मिस कोलारिक' म्हटलं नव्हतं. तसं म्हटलं तेव्हाच मी काय ते समजले. म्हणाला, आता वाट बघण्यात अर्थ नाही, शुक्रवारी दुपारी बाराला टेबल मिळवलंय, यापुढे मी एक दिवस देणार नाही, त्यांना सांग की वेळापत्रकावरून तारीख दिली ही माझी चूक झाली. डॅड आतून म्हणाले, "ऐकू येतंय मला. शुक्रवार ठीक आहे. पाचवी मॅच मंगळवारी आहे, काय व्हायचं ते होऊ दे, सीझन संपतोय." मी आत जाऊन दोघांच्या देखत खुर्चीत बसले आणि रुमाल तोंडाला लावला.

काल मंगळवार. दुसरी इनिंग चालू असताना पश्चिमेकडून असं काळं आलं की भर सहा वाजता दिवे लावावे लागले. तिसऱ्या इनिंगला वादळ मैदानावरच आलं. गारा, वारा, लोक बाकांखाली. उजवीकडचा दिव्यांचा खांब कुंपणावर आडवा झाला, नशीब की खाली कुणी नव्हतं. आम्ही कसेबसे गाडीत येऊन बसलो, काचांवर वाफ धरली, आणि भोंग्यावरून आवाज आला. मैदान तळं झालंय, मॅच पहिल्यापासून पुन्हा होईल, दिवे नाहीत म्हणून दिवसा. शुक्रवारी दुपारी एक वाजता.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. काचेवरून पाणी ओघळत होतं त्याकडे बघत राहिले. आता म्हणतील, सोमवारी करू. म्हणतील, एवढे दिवस गेले, आणखी दोन दिवसांनी काय होतंय. उत्तरादाखल काय म्हणायचं ते मी जुळवत होते, आणि माझ्यात जुळवण्याचंही बळ नव्हतं. डॅडनी बाहीने समोरची काच पुसली. मग म्हणाले, "तुझ्या आईने मला पाठवलं होतं."

आता नीट वाच, व्हर्नन. मॉमच्या ऑपरेशनच्या दिवशी आपण दोघं इस्पितळात होतो आणि ते मॅचला गेले होते. डॉक्टर बाहेर येऊन जे सांगायचं ते सांगून गेला, आणि तू गाडी काढून सरळ मैदानावर गेलास. ते हातात हॉटडॉग घेऊन स्टँडमध्ये बसले होते. तू सगळ्यांदेखत त्यांना जे बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल, गावाला आहे. ते तुला एक शब्द उलटून बोलले नाहीत. दफनानंतरच्या जेवणालाही बोलले नाहीत. तू गेलास, आणि मलाही तेव्हा वाटलं, बरोबर आहे त्याचं. बायको टेबलावर असताना कोण मॅच बघतं?

डॅडनी काल सांगितलं ते असं. त्या सकाळी मॉम त्यांना म्हणाली होती, "एमिल, इथे बसून माझ्याकडे असा बघू नकोस. तू असा बघायला लागलास की मला वाटतं मी आता जाणार. ऊठ, मॅचला जा. संध्याकाळी येऊन मला सगळी सांग, एकही बॉल गाळायचा नाही. मला ऐकायला काहीतरी राहू दे." ते उठेनात. तेव्हा म्हणाली, "मी घाबरलेय. मुलांना यातलं काही कळता कामा नये." म्हणून ते गेले. मी विचारलं, "डॅड, तुम्ही व्हर्ननला हे का नाही सांगितलं? सहा वर्षं?" तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. "सांगू नको म्हणाली होती ना ती." मी म्हटलं, "आणि ती मॅच?" म्हणाले, "आहे माझ्याकडे. सगळी आहे." कशी झाली म्हणून विचारलं. म्हणाले, "ती तुला नाही सांगणार."

पाऊस थांबला तरी आम्ही तसेच बसलो होतो. मग ते म्हणाले, "लिओना, मीही घाबरलोय. पण शुक्रवारी जाऊ आपण. सोमवार नको." तोवर हा माणूस या आजाराबद्दल माझ्याशी एक धड वाक्य बोलला नव्हता. मी त्यांचा हात धरला. हात थंडगार होता. ऑपरेशनबद्दल त्यांनी एकच अट घातली. ती ऐकून आधी मला हसू आलं, आणि मग मी गाडीचं दार उघडून बाहेर चिखलात जाऊन उभी राहिले.

अट तुझ्याबद्दल आहे. म्हणाले, "मी आत असताना ती मॅच कुणीतरी बघायला पाहिजे, म्हणजे शुद्धीवर आलो की मला ऐकायला काहीतरी असेल. तू नको, तू माणसं बघतेस. व्हर्ननला सांग. तो मॅच बघतो." मी म्हटलं, "डॅड, तो इस्पितळात येईल, मी बोलावते त्याला." तर म्हणाले, "इस्पितळात नको. तिथे बसून तो माझ्याकडे तुझ्या आईसारखा बघेल, त्याचे डोळे तिचेच आहेत. मैदानावर जाऊ दे त्याला." तुला हे किती जड आहे ते मला कळतं. ज्या एका गोष्टीसाठी तू त्यांना माफ केलं नाहीस, तीच ते तुझ्याकडे मागताहेत, आणि मला वाटतं, हे त्यांनाही पुरतं ठाऊक आहे. ते वाचतील की नाही हे लिंडक्विस्ट सांगत नाही, मी दोनदा विचारलं. तेव्हा ये. एक वाजता मैदानावर पोच, ऑर्व्हिलला फक्त नाव सांग, तो आत सोडेल. मिसेस टटल तुला बघून काहीतरी बोलतील, बोलू दे. मॅच संपेपर्यंत जागेवरून उठू नकोस. इकडे काही झालं तरी मी तिथे निरोप पाठवणार नाही, कुणालाही पाठवू देणार नाही, हा माझा शब्द. शेवटचा फलंदाज बाद झाला की गाडीत बस आणि थेट इस्पितळात ये, मी खाली दारातच उभी असेन. माझ्याकडे बघून काही ओळखायला जाऊ नकोस. मला काही विचारू नकोस. तसाच वर त्यांच्याजवळ जा, आणि ते डोळे उघडून असोत की मिटून, पहिल्या बॉलपासून सांगायला लाग.

तुझीच,
लिओना